पट्टी कोणती?

बैठकीच्या आधी पेटीवाला गायकाला पहिला प्रश्न विचारतो तो ‘पट्टी कोणती?’ हा, म्हणजे पेटीवरची कोणती पट्टी सा धरायची. उत्तर बहुधा दोनच शब्दांचे असते: ‘काळी एक’, ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’. आकड्यांत मांडायचे तर काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सप्तकातला सा सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनांचा, म्हणजे १३८.६ हर्ट्झचा भरतो आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा सा २०७.७ च्या आसपास येतो. गायकाला मात्र या आकड्यांशी काही देणेघेणे नसते. गळा आज कसा आहे, तार सप्तकात किती वर जायचे आहे, खर्जात किती उतरायचे आहे, एवढे पाहून तो सा ठरवतो आणि आवाज बसलेला असला तर हाच गायक ‘काळी एकच्या जरा खालीच धरू या’ असेही सांगतो. पेटीला हे जमत नाही, तानपुऱ्याला जमते.

आपल्या संगीतात षड्जाला, म्हणजे सा या स्वराला, नेमून दिलेली वारंवारता नाही, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही. एखादी वस्तू सेकंदाला किती वेळा हलते हे निसर्ग सांगतो आणि ते मोजताही येते. पण ती किती वेळा हलावी हे जिथे माणसाने ठरवायचे असते, तिथे ते कोणी ठरवायचे आणि ठरल्यावर कोणी धरून ठेवायचे, हा प्रश्न उरतोच. वारंवारतेविषयी वाचताना मला नेहमी या धरून ठेवणाऱ्यांचेच कुतूहल वाटत आले आहे.

आधी एका लोकप्रिय समजुतीचा निकाल लावू. ‘४३२ हर्ट्झ हा विश्वाचा मूळ नाद आहे, ४४० ही आपल्यावर लादलेली बेसूर पट्टी आहे’ अशा अर्थाचा संदेश व्हॉट्सॲपवर न आलेला संगीतप्रेमी आता विरळाच असेल. यातला ४४० चा इतिहास खरा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातले वाद्यवृंद आवाजाला झळाळी यावी म्हणून पट्टी चढवत चालले होते आणि गायकांचे गळे फाटायची वेळ आली होती. म्हणून फ्रान्सने १८५९ साली कायदा करून ठरावीक स्वर ४३५ वर बांधला, इटलीत व्हेर्दीने १८८४ साली ४३२ ची बाजू घेतली आणि अखेर १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० वर एकमत झाले. म्हणजे व्हेर्दीला काळजी होती ती गळ्यांची. त्याचा ४३२ पुढे विश्वाच्या गळ्यात कसा पडला, हे फॉरवर्ड करणाऱ्यांनाच ठाऊक.

मुळात ४३२ हा आकडा सेकंदावर अवलंबून आहे आणि सेकंद हे माणसाने केलेले माप आहे. आपल्या जुन्या कालगणनेत दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे होत असत, म्हणजे एक विपळ ०.४ सेकंदाचे. या मापाने मोजले तर तोच ‘पवित्र’ स्वर विपळाला १७२.८ कंपनांचा होतो आणि बदनाम झालेला ४४० मात्र बरोबर १७६ येतो. शिवाय ४३२ आणि ४४० यांच्यातले अंतर अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही किंचित कमी आहे. मैफल रंगात आली, मंडपातल्या दिव्यांनी तारा तापल्या, की तानपुरा उतरू लागतो आणि मागे बसलेला शिष्य निमूटपणे तारेतला, सूर बारीक जुळवणारा मणी सरकवतो. ज्या परंपरेत प्रत्येक गळ्याचा सा वेगळा, तिने एका आकड्यापुढे हात जोडण्याचे कारण मला दिसत नाही.

तर मग षड्ज धरून कोण ठेवतो? तानपुरा. मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे हा व्यवसाय सुरू केला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढा भागातला वाळवलेला भोपळा, दांडी, तबली, खुंट्या हे सगळे महत्त्वाचे असले, तरी तानपुऱ्याचा जीव घोडीवर असतो. घोडीचा पृष्ठभाग चाकूच्या धारेसारखा नसतो, तो रुंद आणि अगदी हलका उतरता असतो. कारागीर कानशीने तो घासतो, तार लावून छेडतो, कान टेकवून ऐकतो, पुन्हा काढून घासतो. याला जवारी काढणे म्हणतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालून तो केसभर पुढेमागे सरकवला जातो. दोरा एका जागी असतो तेव्हा तार नुसती ‘टण’ वाजते; तिथून किंचित सरकला की तोच आवाज एकाएकी उघडतो, त्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव सुरू होतो आणि एका तारेतून अनेक स्वर बाहेर पडू लागतात. सरकलेले अंतर डोळ्याला दिसतही नाही.

हे का होते, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात असताना घेतला होता. तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले उपस्वरही निघतात. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर त्या छेडण्यातून निघू शकत नाही, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम होता. तानपुरा आणि वीणा हा नियम सर्रास मोडतात, हे रामन यांनी १९२१ साली दाखवले आणि त्याचे श्रेय त्या रुंद, वक्र घोडीला दिले. तार हलताना घोडीच्या उतारावर टेकते आणि सुटते, तिची कंप पावणारी लांबी क्षणोक्षणी बदलते आणि जे उपस्वर निघायला नकोत तेही निघतात. त्याआधी वर्षभर, १९२० साली, त्यांनी चर्मवाद्यांवरही असेच एक टिपण लिहिले होते. ताणून बसवलेल्या साध्या चामड्याची कंपने एकमेकांशी सरळ प्रमाणात नसतात, म्हणून ढोलाला सूर असा नसतो. पण पुडीवर शाईचे थर चढवले की ती कंपने १:२:३:४:५ अशा प्रमाणाजवळ येतात आणि तबला सुरात लागतो. नोबेल पारितोषिकाच्या गोष्टीत समुद्राच्या निळ्या रंगाचा उल्लेख नेहमी येतो, घोडी आणि शाई यांचा मात्र फारसा येत नाही, याची मला थोडी खंत वाटते.

तानपुऱ्यात कोणतीही तार गंधाराला लावलेली नसते, तरी जवारी चांगली असेल तर गंधार ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या पाचपट वारंवारतेचा तो उपस्वर असतो. काळी एकचा खर्ज ६९.३ हर्ट्झचा, म्हणून हा गंधार ३४६.५ चा. आता शेजारी पेटी ठेवून त्याच गंधाराची पट्टी दाबा. पेटी सप्तकाचे बारा अगदी समान भाग करून बांधलेली असते, त्यामुळे तिचा गंधार ३४९.२ वर बोलतो. फरक अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा आहे, पण दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला पावणेतीन वेळा फुगतो आणि बसतो. कोणीही ऐकावे, कान तयार नसला तरी ही लहर ऐकू येते. गायकाने या दोघांपैकी कोणाचे ऐकायचे, यावर आपल्याकडे शंभर वर्षे भांडण चालू आहे.

या भांडणाचा सर्वांत रंगलेला भाग सांगली-मिरज-साताऱ्याच्या पट्ट्यातला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी भरतमुनींच्या बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातली सूक्ष्म स्वरस्थाने, आकड्यांत पकडण्याचा ध्यास घेतला. प्रत्यक्ष गळ्यातून निघणारे स्वर मोजायचे तर तितका सुरेल गळा हवा; तो त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रूपाने मिळाला. खाँसाहेबांनी स्वर लावायचा, देवलांनी तारेची लांबी जुळवून त्याचे प्रमाण काढायचे, असे हे प्रयोग चालले आणि १९१० साली देवलांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनिअम तयार झाले. बडोद्याला १९१६ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या विषयावर बराच वाद झाला आणि तिथे जमलेल्या विद्वानांना व गवयांना या पेटीतल्या श्रुती काही पटल्या नाहीत. एक सरकारी अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि किराणा घराण्याचा एक उस्ताद एका खोलीत बसून गंधार मोजत आहेत, हे दृश्य मला फार आवडते. देवलांचा निष्कर्ष मान्य नसला तरी त्यांची जिद्द मान्यच केली पाहिजे.

निष्कर्ष का मान्य नाही, तर गळा अशा रीतीने धरून ठेवता येत नाही म्हणून. नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नामवंत कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांतले स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच रागाचा गंधार कलाकारागणिक बदलतो असे त्यांना दिसले; इतकेच नव्हे, तर एकाच कलाकाराच्या एकाच वादनातही तो थोडा वरखाली होत होता. आरोहात जाताना लागलेला गंधार आणि मींडेतून उतरताना स्पर्शलेला गंधार यांची वारंवारता एकच असावी, असा हट्ट गाणाऱ्याने कधी धरलाच नव्हता, तो मोजणाऱ्याचा होता. असे असूनही ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी आपल्या काळात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा बांधली, ती वाजवून दाखवली आणि तिच्यावर भरभरून लिहिले, याचे मला कौतुकच वाटते. कारण निदान स्वयंभू गंधाराशी तिचे भांडण होत नाही.

रेडिओने तर थेट बंदीच घातली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओवरून हार्मोनिअम हद्दपार झाले आणि ते दार पुन्हा किलकिले व्हायला १९७१ उजाडले. महाराष्ट्रात या बंदीचा फार परिणाम झाला असे म्हणवत नाही. ज्या प्रांताचे कान संगीत नाटकाच्या ऑर्गनवर पोसले गेले आणि ज्याने गोविंदराव टेंब्यांची पेटी डोक्यावर घेतली, तो समान भागांच्या गंधाराला बेसूर म्हणायला तयार नव्हता. माझेही मत काहीसे असेच आहे. पेटी हा तडजोडीचा करार आहे. कोणत्याही पट्टीत कोणालाही साथ करता यावी म्हणून प्रत्येक स्वराने थोडे थोडे सोसायचे, असे त्यात ठरलेले आहे. करार माहीत असला की चांगला गायक पेटी बाजूला ठेवून तानपुऱ्याच्या गंधारावर थांबतो, आणि चांगला पेटीवाला त्या वेळी पट्टीवरून बोट उचलतो.

असाच एक करार आपण घरोघर दिवसरात्र ऐकतो, फक्त त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. आमच्या गाण्याच्या क्लासच्या खिडकीखाली विजेचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्यातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते आणि गाभ्यातले लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणले जाते, म्हणून त्याची घरघर १०० हर्ट्झची असते. काळी एकच्या षड्जाशी ताडून पाहिले तर हा स्वर तीव्र मध्यमाच्या थोडा वर आणि पंचमाच्या बराच खाली पडतो, म्हणजे कोणत्याच रागाच्या कामाचा नाही. यमन शिकताना त्याने आम्हाला जेवढे छळले तेवढे कोणत्याही तालमीने छळले नसेल. मात्र पांढरी पाचमध्ये गाणारी एक मैत्रीण त्या घरघरीवर खुशाल सा लावायची, कारण तिच्या षड्जाच्या खालचा सा ९८ हर्ट्झवर, म्हणजे घरघरीच्या जवळजवळ अंगावरच होता.

तो ५० हर्ट्झचा आकडा हा आज साऱ्या देशाचा सामाईक षड्ज आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि तेव्हापासून कोयनेचे जनित्र, चंद्रपूरचे जनित्र आणि तमिळनाडूतले जनित्र एकाच लयीत फिरते. कोळशावरच्या केंद्रातला मोठा टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला बरोबर पन्नास. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ही सगळी जनित्रे एकदम किंचित मंदावतात, मागणी घटली की किंचित वेग घेतात. ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात वारंवारता राहावी म्हणून भार प्रेषण केंद्रांतले अभियंते चोवीस तास पडद्यावरचा तो एक आकडा पाहत असतात. मागे बसून तानपुऱ्याचा मणी सरकवणाऱ्या शिष्याचेच हे काम आहे, फक्त त्यांच्या मैफलीला मध्यंतर नाही.

हा षड्ज धरून ठेवणे आपल्याला सुरुवातीपासून जमत होते असे मुळीच नाही. भारनियमनाच्या वर्षांत वारंवारता बराच वेळ पन्नासच्या खालीच रेंगाळत असे, कारण ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढण्याची प्रत्येक राज्याला सवय होती आणि त्याचे कोणालाच काही मोजावे लागत नव्हते. जुलै २००२ पासून पश्चिम विभागात नवी दरपद्धत आली आणि ठरल्याबाहेरच्या विजेचा भाव त्या क्षणाच्या वारंवारतेला बांधला गेला: वारंवारता जितकी खाली, तितकी जास्तीची वीज महाग. कंपनसंख्येला रुपयांत भाव आला आणि बेशिस्तीला आळा बसू लागला. सूर सांभाळण्यासाठी दंड आकारण्याची ही युक्ती काही संगीत विद्यालयांनाही सुचवावीशी वाटते.

या शिस्तीची सत्त्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० च्या रात्री झाली. नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवून पणत्या लावण्याचे आवाहन होते आणि काही मिनिटांत देशाची मागणी ३१ हजार मेगावॉटहून अधिक घसरली. अभियंत्यांनी आधीच जलविद्युत केंद्रे चालवून ठेवली होती. मागणी उतरताच ती झपाट्याने उतरवली आणि दिवे लागताच पुन्हा चढवली. त्या सगळ्या धामधुमीत वारंवारता ४९.७० आणि ५०.२६ यांच्या आतच राहिली. गॅलऱ्यांत उभ्या असलेल्या आपल्याला याचा पत्ताही लागला नाही.

सा असो वा पन्नास हर्ट्झ, हे आकडे माणसांनी ठरवलेले. काही वारंवारता मात्र कोणी ठरवण्याची वाट पाहत नाहीत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूवरून होते: त्यातून निघणाऱ्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. हायड्रोजनचा अणूही असाच १४२०.४ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि विश्वात सर्वांत जास्त आहे तो हायड्रोजनच. तो ऐकण्यासाठी पुण्याच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या राहिल्या, त्यातल्या दूरच्या अँटेना एकमेकींपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेतून निघालेला हा स्वर आपल्यापर्यंत येताना उतरतो. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एका निरीक्षणात या दुर्बिणीने ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत पकडला. तो १४२० वर नव्हता, सुमारे ६२० मेगाहर्ट्झवर उतरलेला होता.

अडचण अशी की ६२० मेगाहर्ट्झच्या आगेमागे माणसांचीही गर्दी आहे. दूरचित्रवाणी, मोबाइल, वाहनांच्या ठिणग्या, बिघडलेली विजेची उपकरणे या सगळ्यांचा गोंगाट त्या दुबळ्या संकेताच्या कैक पटींनी मोठा असतो. खोडदची निवड झाली तीच मुळी तिथे रेडिओ लहरींची शांतता होती म्हणून, आणि ती शांतता आता रोज सांभाळावी लागते. पुणे-नाशिक रेल्वेचा वाद याच शांततेवरून पेटला. मूळ आखणी दुर्बिणीच्या परिसराजवळून जात होती, विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे रेडिओ गोंगाट वाढेल म्हणून वेधशाळेने हरकत घेतली आणि रेल्वेने मार्ग बदलायचे ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची वाट पाहणाऱ्या नारायणगाव-संगमनेर पट्ट्यात त्यावरून नाराजी उसळली, आणि ती समजण्यासारखी आहे. मला विचाराल तर रेल्वेचा मार्ग वळवता येतो, तीस अँटेना उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि नेल्या तरी तितकी शांत जागा आज महाराष्ट्रात मिळणे कठीण आहे; पण आळेफाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला हे नीट बसून समजावण्याचे काम झाले आहे, असे काही मला वाटत नाही.